अकरावीला शाळेतच ठेवलं, चुकलं का?

पार्लेकरीण

लेक यंदा आयएससी (आयसीएसईवाल्यांची बारावी) झाली. कॉमर्स, ९४.७५ टक्के. निकालाच्या दिवशी पेढे वाटले, सासूबाईंनी दृष्ट काढली. आणि पहिली मेरिट लिस्ट लागली त्या रात्री पोरगी जेवली नाही.

तिला एकाच कॉलेजात अनुदानित बीकॉम हवं होतं. फोन ओट्यावर डब्याला टेकवून मी कणीक मळत यादी बघत होते. एका बोटाने पान सरकवायचं, स्क्रीनला पीठ लागायचं, पदराने पुसायचं, परत पहिल्यापासून. नाव नव्हतंच. कटऑफ पंचाण्णवच्या वर. मग कळलं की ही यादी लागायच्या आधीच इनहाउस प्रवेश उरकले होते. त्याच कॉलेजच्या ज्युनिअरमधून बारावी झालेली मुलं आधी, उरलेल्या जागांवर आमच्यासारखे. आमच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा ७२ टक्क्यांवर आत आहे.

दोन वर्षांपूर्वी शाळेने आम्हा पालकांना हॉलमध्ये बसवून सांगितलं होतं, "मुलं इथे रुळली आहेत, कशाला हलवता? ज्युनिअर कॉलेजात कोण लक्ष देतं?" दीड तास स्लाइड दाखवल्या. त्यात इनहाउस हा शब्द एकदाही आला नाही. आम्ही पोटाला चिमटा घेऊन फी भरली. ७२ आत आणि ९४ बाहेर, हा कुठला न्याय?

गिरगावचा बाप

ताई, रागावू नका, पण तो ७२वाला दोन वर्षांपूर्वी दहावीच्या टक्क्यांवरच त्या कॉलेजात लागला ना? म्हणजे तेव्हा नव्वदीत असणार. तो तेव्हा रांगेत उभा राहिला, ऑनलाइन फॉर्म, पसंतीक्रम, दोन-तीन फेऱ्या सगळं सोसलं. तुमची लेक त्या रांगेत नव्हतीच. एसी वर्गात होती. आता पुढे यायचंय आणि आधीपासून उभ्या असलेल्यांनी सरकायचं, असं का?

आणि मेरिटचं म्हणाल तर २००९ आठवा. अकरावीच्या ९० टक्के जागा एसएससीला ठेवायचं सरकारने ठरवलं, ते कोर्टात पडलं. ठीक. २०१९ ला एसएससीचे अंतर्गत गुण काढले आणि राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० वर आला. माझा मोठा त्याच बॅचचा. तुमच्या बोर्डांचे अंतर्गत गुण तसेच होते. त्या जुलैत आम्हीही मोबाइलवर यादी सरकवत होतो. पुढच्या वर्षी गुण परत आले, पण त्याची दहावी काही परत आली नाही.

पार्लेकरीण

२०१९ चं वाईटच झालं, त्यावर वाद नाही. पण ते माझ्या लेकीने केलं नव्हतं. आणि एसी वर्गाचं म्हणाल तर त्या वर्गात अठ्ठावीस मुलं आणि त्यातली एकवीस नव्वदच्या वर. घरी ९४ सांगायला पोरगी लाजते, इतकी तिथली चढाओढ. रांग त्यांचीही होती, फक्त तुम्हाला दिसली नाही.

नुसतीच हजेरी

मी पलीकडच्या बाजूची. मुलाला दहावीनंतर शाळेतून काढून ज्युनिअर कॉलेजात घातलं, सायन्स. कॉलेजचं क्लासशी टायअप. दोन वर्षांत तो कॉलेजात गेला प्रॅक्टिकलला आणि परीक्षेला. विचारलं तर कँटीनमधला वडा कसा आहे एवढंच सांगू शकेल. फी दोन्हीकडे भरली. जेईईत काही जमलं नाही, बारावीला ७९. पण इनहाउसमधून बीएस्सीला बसला निमूटपणे. पार्लेकरीणताई, तुमचं वाचून मला अपराधी वाटलं हे खरं. पण खरं सांगू का, पुन्हा वेळ आली तरी हेच करीन.

मास्तर (निवृत्त)

एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलं, म्हणून दोन शब्द. कटऑफला घाबरू नका. तो आकडा फक्त बाहेरच्या उरलेल्या जागांचा असतो, म्हणून फुगतो. शिवाय तीच ती पंचाण्णवची मुलं पाच कॉलेजांच्या यादीत असतात. बसणार एकातच. दुसऱ्या यादीत आकडा उतरतो, कधी कधी चांगला उतरतो. तोवर मिळेल तिथे प्रवेश घेऊन ठेवा आणि मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे बोर्ड बदलतानाचा दाखला, हाताशी ठेवा. दुसऱ्या बोर्डाची मुलं तिथेच अडतात, खिडकीवरचा माणूस शांतपणे "उद्या या" म्हणतो.

इनहाउस मात्र मी चुकीचं मानत नाही. आमच्याकडे पालघरहून पहाटेची गाडी धरून येणारी मुलं होती. दोन वर्षांनी त्यांना सांगायचं का, आता नवं कॉलेज शोधा?

पार्लेकरीण

सर, तुमची ती मुलं वेगळी. पण पालघरची गाडी धरणारी किती आणि क्लासच्या टायअपवर नुसतं नाव लावलेली किती? दोघांना एकच दार का? किमान काही टक्क्यांची अट तरी ठेवा इनहाउसला.

आयबीवाला बाबा

आमचं ऐकाल तर तुमचं बरं वाटेल. आयबी म्हणजे आंतरराष्ट्रीय बोर्ड, त्याचा बारावीचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात. इथल्या डिग्रीच्या याद्या तोवर लागून जातात. शाळेच्या अंदाजी गुणांवर दारोदार फिरतोय.

गिरगावचा बाप

साहेब, आयबी घेताना मुलगा बीकॉमला जाणार असं ठरवलं होतं का? विमान चुकलं म्हणून एसटी स्टँडवर येऊन वेळापत्रकाला नावं ठेवायची?

आयबीवाला बाबा

ठरवलं होतं परदेशाचं, बरोबर. मग माझी नोकरी गेली. असू दे.

गिरगावचा बाप

हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो.

नुसतीच हजेरी

बीएमएस, म्हणजे मॅनेजमेंटची डिग्री, बघितलंत का कोणी? २०२४ पासून त्याला सीईटी लागली, म्हणून बऱ्याच कॉलेजांनी नावच बदलून बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) करून टाकलं. सीईटी न देता बारावीच्या गुणांवर मिळतं. मात्र विनाअनुदानित, फी अनुदानित बीकॉमच्या कितीतरी पट.

पार्लेकरीण

तेच विचारायला शेजारच्या कॉलेजात जाऊन आले. फी ऐकून लेकच म्हणाली, "आई, चल."

अपडेट: दुसऱ्या यादीत नाव लागलं, पण हव्या त्या नाही, दुसऱ्या कॉलेजात. दादरला गाडी बदलावी लागणार. मास्तर, मायग्रेशनचं तुम्ही सांगितलंत म्हणून वाचलो, आमच्या पुढच्या तिघांना परत पाठवलं.

धाकटा नववीत आहे. शाळेचं पत्र आलंय, अकरावीची जागा आत्तापासून राखून ठेवा, अनामत भरा. नवऱ्याने ते फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलंय आणि आम्ही दोघंही त्यावर बोलत नाही. शाळेच्या गेटवर नव्वदच्या वरच्यांचा फ्लेक्सही लागलाय, लेकीचा फोटो दुसऱ्या ओळीत. ती रिक्षावाल्याला मागच्या गल्लीतून घ्यायला सांगते.

गिरगावचा बाप

लेकीला शुभेच्छा, मनापासून. दादरला जिना चढायचा असेल तर मधल्या डब्यात बसायला सांगा.

७२वाल्याचं मात्र मी मागे घेत नाही.