डिशमधलं न्यूरॉन्सचं जाळं माहिती वाहून नेतं, की नुसतंच धडधडतं?

कोथरूडकर
"डिशमध्ये वाढवलेला मेंदू विचार करतो" अशा बातम्या आमच्या ग्रुपवर फिरताहेत. मला हे पटत नाही. उंदराच्या मेंदूतल्या पेशी सुट्या करून इलेक्ट्रोडच्या, म्हणजे विजेचे संकेत टिपणाऱ्या आणि देणाऱ्या बारीक टोकांच्या, जाळीवर पसरल्या की त्या फांद्या काढतात, एकमेकींना जोडून घेतात, काही दिवसांत विजेचे ठोके देऊ लागतात. हे विलक्षणच आहे. पण पुढे काय होतं? सगळं जाळं एकदम पेटतं, मग कितीतरी सेकंद चिडीचूप, की पुन्हा एकदम. अख्खी सभा एकच घोषणा देत असेल तर त्यातून नवीन काय कळणार? साठ इलेक्ट्रोड लावायचे आणि हाती यायचं एकाइतकंच.

पाषाणची_पेशीवाली
मी इथेच कल्चर, म्हणजे डिशमधल्या अशा पेशी, वाढवते, म्हणून तळमळीने लिहिते आहे. डिशला डोळे नाहीत, कान नाहीत. बाहेरून काहीच येत नाही म्हणून ते एकदम पेटणं, म्हणजे बर्स्ट, होतं. 2005 मध्ये वॅगेनार, पॉटर वगैरे संशोधकांनी अनेक इलेक्ट्रोडमधून हलके, विखुरलेले स्पंद दिले, तेव्हा बर्स्ट शमले. आणि बेग्ज-प्लेन्झ या संशोधकांचं 2003 चं काम विसरू नका: बर्स्टखेरीज लहानमोठ्या लाटाही असतात. त्या लाटांत एक पेशी सरासरी एकीलाच चेतवते. त्याहून कमी झालं तर संदेश विझतो, जास्त झालं तर वणवा पेटतो. या दोन्हींच्या मधल्या काठावर संदेश सर्वांत चांगला पोचतो.

कोथरूडकर
बेग्ज-प्लेन्झ यांनी मेंदूचे काप वापरले होते. कापात मूळची रचना बरीचशी शाबूत असते. ती जुळणी डिशने केली असं कसं म्हणता?

पाषाणची_पेशीवाली
सुट्या पेशींच्या कल्चरमध्येही पुढे त्याच लाटा दिसल्या. सगळ्या डिशमध्ये नाही, हे मान्य. पण मूळची जुळवणी मोडूनही काही जाळी त्या काठाशी पोचतात, हेच मला मोठं वाटतं.

पेठेतला_इंजिनिअर
मेलबर्नच्या 2022 च्या प्रयोगाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? पाँग या फळीने चेंडू अडवायच्या व्हिडिओ गेममधला चेंडू कुठे आहे हे कोणत्या इलेक्ट्रोडला स्पंद मिळतो त्यावरून, आणि किती जवळ आहे हे स्पंदांच्या वेगावरून, सेकंदाला 4 ते 40, डिशमधल्या पेशींना कळवलं. चेंडू अडवला की ठरावीक स्पंद, चुकला की बेभरवशाचे. काही मिनिटांत चेंडू न चुकता सलग जास्त वेळा अडवला जाऊ लागला. परिणाम कळवणं बंद केलेल्या डिशमध्ये ही सुधारणा दिसली नाही.

कोथरूडकर
म्हणजे माझंच म्हणणं आलं! कोणता स्पंद म्हणजे काय, हे माणसांनी ठरवलं. अर्थ कॉम्प्युटरमध्ये आहे, डिशमध्ये नाही.

पाषाणची_पेशीवाली
कान आवाजाचे स्पंद करतो, म्हणून ऐकणं कानातच संपतं का? स्पंद कुणीही ठरवोत, त्यानुसार आपलं वागणं बदललं ते पेशींनी. अर्थाचं नंतर पाहू. माहिती वाहते की नाही, एवढंच तुम्ही विचारलं होतं.