मदत हवी आहे: पुरवठादारांच्या 'हवामान जोखमी'चा फॉर्म कसा भरायचा?

भोसरी_खरेदी: ग्राहक कंपनीचा फॉर्म आलाय, शुक्रवारपर्यंत द्यायचाय. 'हवामान बदलाचा पुरवठादारांमार्फत तुमच्या धंद्यावर होणारा परिणाम रुपयांत लिहा.' आमच्या शेडमध्ये आजवर पाणी शिरलेलं नाही. मग लिहू काय? कुणाकडे तयार एक्सेल असेल तर द्या. तातडीचं आहे.

घाटमाथा: बनवता काय? माल कुठून येतो?

सौरमित्र: आधी छतावर सोलर बसवा. आमचं बिल निम्म्यावर आलं.

घाटमाथा: सौरमित्र, त्यांना ते विचारलेलंच नाही.

भोसरी_खरेदी: पंप. त्याचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, कोल्हापूरचं. एक फाउंड्री शिरोलीत, दुसरी गोकुळ शिरगावला. एक अडली तर दुसरी आहेच की. एक्सेल आहे का कुणाकडे?

फोरमन_शिरोली: अहो, पुरात दोन्ही एकदमच अडतात. ऑगस्ट 2019 ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं. आमची भट्टी कोरडी, पण निम्मे कामगार नदीपलीकडे शहरात. यायचे कसे? आणि गोकुळ शिरगावचा पुण्याला जाणारा माल पुलापलीकडेच. जुलै 2021 ला परत तेच.

करवीरकर: हे सगळं अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचं पाप. हवामान बदल कशाला मध्ये आणता?

निवृत्त_अभियंता: अलमट्टीला किती दिवस धरून बसणार? पूरक्षेत्रात भराव कुणी घातले ते बघा. महामार्गाचाच भराव केवढा आहे!

करवीरकर: आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं साहेब, आम्हाला शिकवू नका.

घाटमाथा: दोघांनाही विनंती, त्यासाठी वेगळा धागा काढा. भोसरी, प्रत्येक भागापुढे लिहा: साठा किती दिवसांचा, दुसरा पुरवठादार मंजूर करायला किती दिवस, लाइन थांबली तर रोजचं नुकसान किती. माल बंद राहण्याच्या दिवसांतून साठ्याचे दिवस वजा करा, उरलेल्यांना रोजच्या नुकसानाने गुणा. खरेदीच्या रकमेवरून क्रम लावू नका, चाळीस रुपयांच्या सीलपायीही पंप अडतो. मग एक पायरी मागे जा, फाउंड्रीला कच्चा माल कोण देतं ते विचारा.

कोकवाला: ती पायरी तर खरी महत्त्वाची. मार्च 2017 मध्ये डेबी वादळाने ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचे कोळशाचे रेल्वेमार्ग बंद पाडले आणि लोखंड गाळायला लागणाऱ्या कोकिंग कोळशाचा भाव भडकला. पिग आयर्न, म्हणजे फाउंड्रीत वितळवायचं कच्चं लोखंड, त्याच्यावरच चालतं. पंचगंगेला थेंबभर पूर नसला तरी तुमचं कास्टिंग महागतं.

विमा_सल्लागार: विमा तपासा. नफ्याच्या नुकसानाचं संरक्षण साधारणपणे तुमच्याच जागेला इजा झाली तर लागू होतं. पुरवठादाराची जागा वेगळ्या कलमाने जोडून घ्यावी लागते.

फोरमन_शिरोली: पण भट्टी कोरडीच होती. मग?

विमा_सल्लागार: मग त्या कलमानेही बहुधा मिळणार नाही. रस्ता अडल्याचं संरक्षण स्वतंत्र मागा, आणि पॉलिसी घेण्याआधी लेखी उत्तर घ्या.

भोसरी_खरेदी: आत्ता दोन्हीकडे फोन केला. पिग आयर्न दोघेही एकाच ठिकाणाहून घेतात. इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलंच नव्हतं. आमचा साठा चार दिवसांचा. रोजचं नुकसान मालकांना विचारतो. 2019 ला माल नेमका किती दिवस बंद होता?

फोरमन_शिरोली: गेटच्या वहीत आहे. पहिला ट्रक कोणत्या तारखेला सुटला, सकाळी बघून टाकतो.