मदत हवी आहे: एडिट मूळ फोटोतच सेव्ह करायचेत, कॉपी नको

चाळीसगाव_स्टुडिओ:
लग्नाचे ११४० फोटो एडिट करून झालेत. सगळे सिलेक्ट करून कंट्रोल + एस दाबतो, पण फोल्डर उघडलं की फोटो जुनाच. अल्बमवाल्याने त्याच फोल्डरमधून फोटो पानांवर लावलेत, त्यामुळे नाव बदललेलं चालणार नाही. उद्या दुपारी जळगावला लॅबमध्ये द्यायचेत. लवकर सांगा.

गिरणाकाठ:
जिंपमध्ये (फुकट फोटो एडिटर) कंट्रोल + एसने एक्ससीएफ ही जिंपची स्वतःची फाइल तयार होते, जेपीजी तशीच राहते. फाइल मेन्यूत 'ओव्हरराइट' आहे, ते वापरा.

अमळनेर_नाना:
अहो, पण जिंप आहे हे त्यांनी सांगितलंय कुठे? भाऊ, सॉफ्टवेअर कोणतं? फोटो रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) की जेपीजी?

चाळीसगाव_स्टुडिओ:
लाइटरूम क्लासिक. जेपीजी. सेव्ह म्हटल्यावर सेव्ह व्हायला नको का?

भुसावळकर:
होतंय सेव्ह, पण फक्त माहिती. लाइटरूम एडिट कॅटलॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत ठेवतो. कंट्रोल + एसने तीच आकडेवारी (एक्सपोजर म्हणजे उजळपणा +०.७०, क्रॉप वगैरे) जेपीजीच्या मेटाडेटात (फाइलमधल्या माहितीच्या नोंदीत) लिहिली जाते, रॉ असेल तर शेजारी एक्सएमपी फाइल बनते. पिक्सेलला हात लागत नाही, म्हणून विंडोजला जुनाच फोटो दिसतो. नवे पिक्सेल हवे तर एक्सपोर्टच करावं लागतं, म्हणजे एडिटसकट नवी फाइल काढावी लागते, आणि एक्सपोर्ट करतानाही लाइटरूम मूळ फाइलवर लिहू देत नाही.

शिरपूर_फ्रेम:
एवढा घोळ कशाला? फोटोशॉपमध्ये अ‍ॅक्शन (एडिटच्या पायऱ्यांचं रेकॉर्डिंग) बनवा, फाइल > ऑटोमेट > बॅच, डेस्टिनेशन 'सेव्ह अँड क्लोज'. मूळ फाइलवरच सेव्ह होतं.

अमळनेर_नाना:
दादा, हा सल्ला नका देऊ. लाइटरूममधले एडिट त्या बॅचमध्ये येतीलच याची खात्री नाही. वर मूळ फाइल कायमची गेली. क्रॉप केलेला भाग परत आणता येत नाही, आणि जेपीजी दर सेव्हला पुन्हा दाबली (कॉम्प्रेस केली) जाते. शालूचा जरीकाठ जवळून बघा, कडेला चौकोन चौकोन दिसायला लागतात. त्यात मध्येच लाइट गेली तर अर्धवट लिहिलेली फाइल हातात येते.

शिरपूर_फ्रेम:
गुणवत्ता १२ (फोटोशॉपमधली सर्वांत जास्त) ठेवली तर डोळ्याला फरक दिसत नाही.

अमळनेर_नाना:
एकदा नाही दिसत. नवरीकडच्यांनी तिसऱ्यांदा दुरुस्ती सांगितली की दिसतो.

तापीचं_पाणी:
रिझोल्यूशन इंचाला ३०० पिक्सेल ठेवलंय ना? १२ बाय ३६ इंचाच्या पानाला १०८०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो पूर्ण पानभर ताणला तर इंचाला सुमारे १६७ च मिळतात.

भुसावळकर:
ते अल्बमवाला बघेल. स्टुडिओ भाऊ, असं करा. ग्रिडमध्ये (जी) कंट्रोल + ए, मग कंट्रोल + शिफ्ट + ई. जागा मूळ फोल्डरच्या बाहेर, नवीन फोल्डर. 'रिनेम' आणि 'अ‍ॅड टू धिस कॅटलॉग'वरची टिक काढा. जेपीजी, गुणवत्ता ९०, एसआरजीबी, 'रिसाइझ' बंद. एसआरजीबी ही रंगांची सेटिंग विसरू नका, नाहीतर हळदीच्या फोटोंचा पिवळा लॅबमध्ये मळकट निघतो. एक्सपोर्ट झालं की आधी मूळ फोल्डरला 'मूळ' नाव द्या, मग नव्याला जुनं नाव. आणि 'मूळ' हे नाव लाइटरूमच्या फोल्डर पॅनेलमध्येच राइट क्लिक करून द्यायचं, विंडोजमध्ये नाही.

गिरणाकाठ:
अल्बमवाल्याने फोटो 'प्लेस लिंक्ड' केलेत (पान फोल्डरमधल्या फाइलला जोडलेलं) की 'एम्बेडेड' (फोटोची प्रत पानाच्या फाइलमध्येच)? एम्बेडेड असतील तर फाइल बदलून पानावर काहीच बदलणार नाही.

चाळीसगाव_स्टुडिओ:
लिंक्ड आहेत, विचारलं. एक्सपोर्ट केलं, नावंही बदलली. पण आता लाइटरूममध्ये सगळे फोटो पांढरेफटक दिसतात!

भुसावळकर:
'मूळ' नाव विंडोजमधून दिलंत ना?

चाळीसगाव_स्टुडिओ:
हो.

भुसावळकर:
म्हणून. कॅटलॉगला जुन्या पत्त्यावर एडिट झालेले फोटो सापडले, त्यावर त्याने +०.७० पुन्हा चढवलं. फाइली बिघडलेल्या नाहीत, लाइटरूममध्येच तसं दिसतंय. आता कंट्रोल + एस दाबू नका, एक्सपोर्टही करू नका. नव्या फोल्डरचं नाव विंडोजमध्ये तात्पुरतं बदला. लाइटरूममध्ये फोल्डरवर प्रश्नचिन्ह येईल. राइट क्लिक, 'फाइंड मिसिंग फोल्डर', तिथे 'मूळ' दाखवा. मग नव्या फोल्डरला जुनं नाव परत द्या.

अमळनेर_नाना:
ज्या फोटोंचा क्रॉप बदललाय त्यांची यादी अल्बमवाल्याला आजच द्या भो. चौकटीत तेवढेच फोटो सरकतील.

चाळीसगाव_स्टुडिओ:
प्रश्नचिन्ह गेलं, रंग बरोबर दिसताहेत. क्रॉपचे ६२ निघाले, यादी पाठवतोय.