शुगर आणि टीबी, दोन्ही एकाच माणसाला: अनुभव लिहा

अबोली
परवा मैत्रिणीचा फोन आला. तिच्या वडिलांना टीबी निघालाय, शुगर जुनीच आहे. "टीबी हल्ली बरा होतो ना गं?" एवढंच विचारत होती. होतो म्हटलं, आणि ते खरंच आहे. पण फोन ठेवल्यावर मोठे मामा आठवत राहिले.

मामांचं वजन उतरायला लागलं तेव्हा सगळे म्हणाले, शुगरमुळे. थकवा? शुगरमुळे. रात्री घामाने बनियन भिजायचं, तर शुगर खाली जात असेल म्हणून उशाशी साखर ठेवली होती. खोकला नावापुरता. एक्स-रेत फुफ्फुसाच्या खालच्या भागात डाग दिसला, तो न्यूमोनिया समजून औषधं झाली. थुंकी तपासायचं कुणाच्या डोक्यात येईपर्यंत माणूस अर्धा झाला होता. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पहिल्याच महिन्यात मामा गेले. टीबीचं कार्ड एका दवाखान्यात, शुगरची फाईल दुसऱ्या डॉक्टरांकडे. दोन्ही कागद एका टेबलावर कधी आलेच नाहीत, ही गोष्ट मला अजून छळते.

ज्यांच्या घरी हे दोन्ही एकत्र होतं, त्यांनी प्लीज लिहा. मैत्रिणीला हा धागा पाठवणार आहे.

सावली_२
मामांचं वाचून फार वाईट वाटलं गं. आमच्याकडे सासूबाई. पूर्ण बऱ्या झाल्या, आता मलाच दम देतात. मुलगी उठली, नंतर लिहिते.

रानवारा
शुगर ३००च्या खाली येईचना. बाबा पथ्य पाळत होते तरी घरात रोज त्यांच्यावर संशय, चोरून खाल्लं असणार म्हणून. ते बिचारे शपथा घेत होते. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, शुगरची गोळी कोणती? ग्लिमेपिराइड. मग उलगडा झाला. टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनमुळे यकृताचं काम इतकं वाढतं की ही गोळी शरीरात टिकतच नाही. इन्सुलिन सुरू केलं आणि आकडे उतरले. बाबांची सगळ्यांनी माफी मागितली.

कस्तुरी
आमच्याकडेही सेम!! फक्त गोळी ग्लिक्लाझाइड.

मनमोर
या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते हे आधी सांगून ठेवा हो पेशंटला. माझा दीर रक्त समजून ओरडत बाहेर आला होता.

कस्तुरी
घाम आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा. बहिणीच्या कॉन्टॅक्ट लेन्स केशरी झाल्या, फेकाव्या लागल्या. उपचार संपेपर्यंत चष्माच वापरा.

निर्मळ
क्षयरोग विभागात समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं लांब लिहिते.

अबोलीताई, तुमच्या मामांसारखी माणसं आम्ही पाहतो. शुगर ताब्यात नसली की शरीराची जंतूंशी लढायची ताकद कमी पडते. टीबी होण्याचा धोकाच दोन ते तीन पट वाढतो. झाला तर फुफ्फुसात पोकळ्या जास्त, थुंकीत जंतू जास्त, आणि ते जायलाही वेळ लागतो. २०११ साली अनेक अभ्यासांचं एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात उपचारादरम्यान मृत्यूचा धोका शुगरवाल्यांत जवळपास दुप्पट निघाला. ज्या मोजक्या अभ्यासांनी वय वगैरे गोष्टी हिशेबात धरल्या होत्या, त्यांत तर जवळजवळ पाचपट. बरा झालेला टीबी उलटण्याचा धोकाही चारपटीच्या आसपास.

हे वाचून हातपाय गाळू नका. धोका जास्त म्हणजे माणूस जाणारच असं नाही. वेळेत निदान झालं, गोळ्या चुकल्या नाहीत आणि शुगर आटोक्यात ठेवली तर बहुतेक जण बरे होतात. त्याच २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'द युनियन' या टीबीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेसोबत मार्गदर्शक आराखडा काढला: टीबीच्या प्रत्येक पेशंटची शुगर तपासा, आणि शुगरवाल्याला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबी तपासा. मी त्यात माझ्याकडून एक जोडते. शुगरवाल्याचं वजन कारण नसताना उतरलं, तर खोकल्याची वाट बघू नका.

जुनापुराणा
इतिहासाची आवड म्हणून सांगतो. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं १९२२ साली. त्याआधी मधुमेही माणसाला क्षय झाला की आशा सोडायचे. बॉस्टनच्या हॉवर्ड रूट यांनी १९३४ मध्ये या जोडगोळीवर मोठा लेख लिहिला. म्हणजे ही जोडी वैद्यकाला नव्याने कळलेली नाही.

रानवारा
आणि तरी फायली वेगळ्याच. संताप येतो.

सावली_२
आले परत. सासूबाईंच्या पायाला मुंग्या यायच्या. आम्ही म्हटलं शुगर, दुसरं काय. पण टीबीच्या आयसोनियाझिड या गोळीनेही नसांना त्रास होतो म्हणे, आणि शुगर असेल तर जास्तच. बी६ जीवनसत्त्वाची गोळी दिली, फरक पडला. दुसरं म्हणजे त्या विणकाम करतात. एके दिवशी लाल आणि हिरवी लोकर सारखीच दिसायला लागली. एथॅम्ब्युटॉल या टीबीच्याच गोळीमुळे! लगेच दाखवलं, गोळी बंद केली, हळूहळू रंग परत आले. शुगरमुळे डोळे आधीच नाजूक असतात, तेव्हा गोळ्या सुरू होतानाच डोळे तपासून घ्या आणि रंगांबद्दल अधूनमधून विचारत राहा. विचारल्याशिवाय ही माणसं सांगत नाहीत.

मनमोर
सासूबाईंना नमस्कार सांगा. स्वेटर पूर्ण झाला का? :)

सावली_२
झाला! नातीच्या अंगावर आहे.

पहाटवेळ
माझं थोडं उलटं. टीबी निघाला तेव्हाच शुगरही निघाली, आधी कधी नव्हती. एकदम दोन धक्के. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आजारपणात शरीरावर ताण येऊन शुगर वाढू शकते, पुढे परत बघू. उपचार संपल्यावर एचबीए१सी (शुगरची तीन महिन्यांची सरासरी) नॉर्मल आलं. सगळ्यांचं असं होतं असं नाही, पण लगेच जन्माची शुगर असं धरून बसू नका. तपासणी मात्र सोडू नका.

आणि जाऊबाईंनी माझं ताट-वाटी वेगळी केली होती. भांड्यांनी टीबी पसरत नाही हो, हवेतून पसरतो. गोळ्यांपेक्षा ते ताट जास्त लागलं मनाला.

कस्तुरी
@पहाटवेळ, मिठी. आता कशी आहेस?

पहाटवेळ
छान आहे. वजन परत आलं.

अबोली
सगळ्यांचे खूप आभार. मैत्रीण वाचतेय. तिचा प्रश्न: बोटं टोचून टोचून दुखतात वडिलांची, काय करू?

रानवारा
बोटाच्या मध्यावर नको, कडेला टोचायचं. रोज बोट बदलायचं. आधी कोमट पाण्याने हात धुवा, रक्त सहज येतं.

निर्मळ
त्यांना अजून एक सांगा, हे फार जण विसरतात. रिफाम्पिसिन चालू असताना शुगरचं औषध वाढवलेलं असतं. टीबीचा कोर्स संपला की रिफाम्पिसिनचा असर ओसरतो, पण शुगरचा डोस तोच वाढीव राहतो. मग शुगर धाडकन खाली येते. टीबीतून वाचलेला माणूस घरात चक्कर येऊन पडलेला पाहिलाय मी.

कस्तुरी
अरे देवा. आईचा कोर्स याच आठवड्यात संपतोय. किती दिवस लक्ष ठेवायचं?

निर्मळ
असर साधारण दोन आठवड्यांत जातो. तेवढे दिवस तरी रोज शुगर बघा, आकडे लिहून ठेवा. डोस आपल्या मनाने कमी करू नका, कोर्स संपायच्या आतच शुगरच्या डॉक्टरांना गाठा आणि टीबीचं कार्ड सोबत न्या. घाम, थरथर, घाबरल्यासारखं झालं तर आधी साखर, मग फोन.

कस्तुरी
उद्याच नेते. आधी मीटरची बॅटरी बदलते.