राऊटरवर फिल्टर लावला तरी शॉर्ट्सवर भलतंसलतं दिसतंच, काय करू?

सहावीतल्याची_आई
मुलाला अभ्यासासाठी जुना फोन दिलाय. परवा मागून डोकावले तर यूट्यूब शॉर्ट्सवर काहीतरी भलतंच चालू, मला बघून पटकन गणिताचा व्हिडिओ लावला. भावाने येऊन राऊटरमध्ये डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) १.१.१.३ टाकून दिला, म्हणाला आता घाणेरड्या साइट उघडणार नाहीत आणि खरंच उघडत नाहीत, पण शॉर्ट्स तसेच येतायत. फिल्टर चालतोय की नाही हेच कळेना.

वायरवाला
चालतोय ताई. ते क्लाउडफ्लेअर कंपनीचं आहे, २०२० पासून. अडल्ट आणि व्हायरसवाल्या साइटचा पत्ताच देत नाही. पण यूट्यूब ही त्याच्या दृष्टीने एकच साइट, आत कुठला व्हिडिओ लागलाय ते त्याला दिसत नाही. वॉचमन गेटवर अडवेल, चौथ्या मजल्यावर कोणाकडे काय चाललंय ते त्याला काय माहीत. त्यासाठी गूगलच्या फॅमिली लिंक ॲपवर मुलाचं वेगळं अकाउंट काढा आणि यूट्यूबला 'एक्सप्लोर' ही पातळी ठेवा, ते ९ वर्षांपुढच्यांसाठी आहे. तुमच्या अकाउंटवर फोन दिला असेल तर काही उपयोग नाही.

लॅबमधली_मॅडम
उलटं पण होतं हं. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये शब्दांवरून अडवणारा फिल्टर आहे. दहावीच्या विज्ञान भाग २ मधला प्रजननाचा धडा शिकवताना मुलींनी गर्भाशयाची आकृती शोधली तर स्क्रीनवर मोठा लाल हात, अख्खा वर्ग हसला. आणि मराठीत रोमन अक्षरात लिहिलेल्या शिव्या मात्र आरामात जातात, कारण त्या यादीत कोणी भरल्याच नाहीत. शेवटी मॉनिटर भिंतीकडून फिरवून दाराकडे केले, त्याचा फरक जास्त पडला.

वायरवाला
हाहा खरंय. ताई अजून एक, राऊटरचा फिल्टर फक्त त्या वायफायवर. मुलाने दुसऱ्या कोणाचा हॉटस्पॉट घेतला की संपलं. अँड्रॉइड ९ किंवा पुढचा असेल तर फोनमध्येच प्रायव्हेट डीएनएस टाकता येतो, मग नेट कुठलंही असो चालतो. अर्थात सेटिंगमध्ये जाऊन बंद करायला पोरांना दोन मिनिटं लागतात.

सहावीतल्याची_आई
थांबा थांबा. सासूबाईंचा रोजचा दीड जीबी हल्ली दुपारीच संपतो आणि त्या म्हणतात मी तर फक्त भजनं ऐकते. आत्ता ट्यूब पेटली.