वॉर्सेस्टर की वुस्टर? परदेशी गावांची नावं देवनागरीत लिहायची कशी

मुक्ताफळं
एक इंग्रजी प्रवासवर्णन मराठीत करतेय आणि गावांच्या नावांनी पार डोकं उठवलंय. पहिल्या प्रकरणात बिनधास्त वॉर्सेस्टर लिहून मोकळी झाले. लेस्टर मात्र क्रिकेटमुळे कानावरून गेलेलं म्हणून बरोबर लिहिलं, आणि मग लक्षात आलं की अरे दोघांचं शेपूट तर एकच आहे, मग एकाचं सेस्टर आणि दुसऱ्याचं स्टर कसं काय? शोधलं तर म्हणे वुस्टर! तेव्हापासून धसका घेतलाय, प्रत्येक नाव आधी ऐकते मग लिहिते, तर एका व्हिडिओत न्यूकासल म्हणतात, दुसऱ्यात न्यूकॅसल. मूळ लेखकाचं बरंय, स्पेलिंग टाकलं की सुटला, वाचणारा मनात काय वाचायचं ते वाचो. आपल्याला देवनागरीत उच्चार ठरवल्याशिवाय अक्षर पुढे सरकत नाही. यात काही नियम आहे का, की एकेक गाव पाठच करायचं?

खिळेजुळारी
नियम आहे पण अर्धामुर्धा. ते सेस्टर म्हणजे रोमन लोकांच्या छावणीचा लॅटिन शब्द, कास्त्रा. तोच मँचेस्टरमध्ये चेस्टर झाला, लँकेस्टरमध्ये कॅस्टर झाला आणि वुस्टर, लेस्टर, ग्लॉस्टर, बिस्टर या मंडळींनी मधलं अक्षर गिळून टाकलं. इंग्रजीत जोर एका अक्षरावर पडतो आणि बाकीची त्याच्या सावलीत वाळत जातात. आपण नाही का पाहिजे लिहितो आणि पायजे म्हणतो, पाचशेचं पाश्शे करतो, तसंच, फक्त यांनी ते हजारेक वर्षं केलं आणि मधे १४७६ ला इंग्लंडात छापखाना आला, त्यानंतर हळूहळू स्पेलिंग जाग्यावर थिजत गेलं. बोलणं मात्र पुढे चालूच राहिलं.

अर्धामुर्धा अशासाठी म्हटलं की सायरनसेस्टर बघा. त्याचं बोलीत कधीकाळी सिसिटर का कायसं झालेलं, आता लोक पुन्हा स्पेलिंगप्रमाणे पूर्ण म्हणतात. म्हणजे गिळलेलं परत बाहेर पण येतं. आणि टोस्टर नावाचं गाव आहे, टी-ओ-डब्ल्यू ने सुरू होतं आणि शेवटी तेच सेस्टर. पाव भाजायच्या यंत्राचा आणि त्याचा उच्चार एकच, हे अनुवादात आलं तर तळटीप दे बाई.

दक्षिणवारा
हे तर काहीच नाही, स्कॉटलंडला जा. ग्लासगोजवळ एक मल्गाय आहे, स्पेलिंग वाचाल तर मिल्नगॅव्ही म्हणाल. नकाशाच्या ॲपमधली बाई मला असंच काहीतरी सांगत होती आणि मी रस्त्यावर एका आजोबांना तेच विचारलं, त्यांनी मान हलवली, असं गाव इथे नाही म्हणाले. आम्ही दोघं त्याच गावात उभे होतो!!

आणि कलेन नावाचा किल्ला आहे त्यात मधे झेड आहे, तो कुठेच ऐकू येत नाही. त्याचं कारण फार आवडलं मला, जुन्या लिखाणात योख नावाचं वेगळंच अक्षर होतं, छापणाऱ्यांकडे त्याचा खिळा नसायचा म्हणून दिसायला जवळचा झेड बसवला. मेन्झीस हे आडनाव पण त्यातलंच, मूळ उच्चार मिंगिस. म्हणजे तो झेड वाचायचा नसतोच.

सरळमार्गी
मला हा सगळा अतिरेक वाटतो. स्पेलिंगला धरून लिहा ना सरळ. वाचकाला उद्या नकाशात गाव शोधायचं असेल तर वुस्टर वरून तो जन्मात पोचणार नाही. एडिंबरो, बर्मिंगहॅम असं आपण वर्षानुवर्षं लिहितोय, कुणाचं काय अडलं?

खिळेजुळारी
@सरळमार्गी नकाशाचा मुद्दा खरा आहे, पण स्पेलिंगला धरून म्हणजे कुणाच्या वाचनाला धरून? बर्मिंगहॅम म्हणजे अलाबामातलं, तिथे हॅम स्पष्ट म्हणतात. इंग्लंडातलं बर्मिंगम. स्पेलिंग एक, गावं दोन.

मिसिसिपीकर
अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर. तिकडे जुन्या जगातली नावं उचलली पण उच्चार बोटीतच राहिला. इलिनॉयमधलं कैरो हे केअरो आहे, केंटकीतलं व्हर्साय चक्क व्हर्सेल्स आणि ओहायोतलं लिमा हे लायमा. लंडनची टेम्स, जिच्यातला एच उगाच लॅटिन थाटासाठी नंतर घुसवला आणि उच्चारात कधी आलाच नाही, तीच कनेक्टिकटमध्ये थेम्झ होऊन वाहते. न्यूयॉर्कमध्ये रस्ता हाउस्टन, टेक्ससमध्ये शहर ह्यूस्टन, कारण नावं दोन वेगळ्या माणसांवरून पडली.

सगळ्यात भारी आर्कन्सॉ. तिथल्या दोन सिनेटरांचं उच्चारावर एकमत नव्हतं, शेवटी १८८१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ठराव केला की शेवटचा एस म्हणायचा नाही. पण त्याच नावाची नदी कॅन्ससमधून वाहते तिथे बरेच लोक तिला अर्कॅन्झस म्हणतात. ठराव सीमेपर्यंतच चालतो.

मुक्ताफळं
बापरे. म्हणजे पाठच करायचं. पण माझा न्यूकॅसल तसाच लटकलाय, तिथे तर काही गिळलेलं नाहीये, नुसता आ आणि ॲ चा घोळ आहे.

कानसेन
तो घोळ वेगळ्या जातीचा आहे, इथेच सगळ्यांची गल्लत होते. वुस्टर हा नावाचा उच्चार आहे, माणूस उत्तरेतला असो की लंडनचा, वुस्टरच म्हणणार. न्यूकासल-न्यूकॅसल हा बोलणाऱ्याच्या बोलीचा फरक. दक्षिण इंग्लंडात बाथ, ग्लास, कासल असा लांब आ लावतात, उत्तरेत तोच आखूड ॲ. बाथ शहराला उत्तरेतला माणूस बॅथ म्हणेल आणि तोही चूक नाही. न्यूकॅसलचे स्वतःचे लोक ॲ लावतात आणि जोरही कॅ वर देतात, म्हणून मी न्यूकॅसलच लिहीन. बीबीसीने १९२६ मध्ये उच्चारासाठी समितीच नेमली होती, निवेदकांनी काय म्हणायचं हे ठरवायला, आणि गावांच्या नावांवरही त्यांना खल करावा लागला. आपण तर एकटे.

आणि देवनागरीत जसं बोलतो तसं लिहितो म्हणून फार मिजास नको हं. चार आणि चारा, दोन्हीकडे च एकच काढतो आपण. बाहेरचा माणूस वाचून दाखवू दे बरोबर.

मुक्ताफळं
चारा ला हसले 😄 पटलं. मग असं करते, गावचे लोक म्हणतात तो उच्चार मजकुरात, आणि शेवटी एक यादी, त्यात स्पेलिंग, म्हणजे सरळमार्गींचा नकाशा पण सुटला. आता फक्त श्रूजबरी राहिलं, की श्रोजबरी?

कानसेन
ते नको विचारू. गावातलेच लोक दोन्ही म्हणतात आणि त्यावरून भांडतात.

सरळमार्गी
यादीची आयडिया चालेल. पण ती पुस्तकाच्या सुरुवातीला घाल, शेवटी कोण बघतंय.