निवेदनात जकार्ता घालू की नको?

कुबडीवाली:

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कळायचा नाही. तेव्हा थोडं सहन करा.

मी सोलापूर जिल्ह्यातली. तालुका मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे तेही इथे वाचत असतील. वय ४१, उजव्या पायाला पोलिओ, कॅलिपर आणि एक कुबडी. शिवणकाम करते. मशीनला मोटर बसवून घेतली तेव्हापासून धंदा नीट चाललाय. बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात आमचा दिव्यांग गट जमतो, अकरा गावांचा. कुणी तीनचाकी घेऊन येतं, कुणाला भाऊ मोटरसायकलवर सोडून जातो.

या महिन्यात आम्ही तालुक्याच्या साहेबांना निवेदन द्यायचं ठरवलं. मुद्दे दोनच. एक, ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ते आमच्या बऱ्याच गावांत कागदावरच खर्च होतात. दोन, त्या कार्यालयाचा रॅम्प. तो रॅम्प आहे असं म्हणायला पाहिजे म्हणून म्हणायचं.

गटात एक कॉलेजची मुलगी आहे. तिला कमी दिसतं, फोन नाकाला लावून वाचते. तिने मसुदा केला आणि सुरुवातच अशी केली: ‘आशिया-प्रशांत प्रदेशातील देशांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये स्वीकारलेल्या जकार्ता जाहीरनाम्यास अनुसरून...’ ते ऐकून आमचे एक जुने सभासद म्हणाले, ‘जकार्ता कुठं अन् आपलं गाव कुठं. साहेब चहा पिता पिता हसंल.’ पोरगी रुसली. म्हणाली, तुम्हाला लहानच राहायचंय.

मी मधल्यामध्ये अडकलेय. तिने दाखवलं तेव्हाच मला कळलं, की आपल्यासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या हक्कांसाठी, हे सगळे देश १९९३ पासून दहा-दहा वर्षांची दशकं जाहीर करतायत, आणि जकार्ता त्यातलंच सगळ्यांत नवं. १९९३ ला मी तिसरीत होते. वडील सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत न्यायचे आणि पायऱ्यांवर बाई उचलून घ्यायच्या. आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं हो.

तर प्रश्न: निवेदनात जकार्ता घालू की नको? हसू होईल का?

---

निवृत्त_अव्वलकारकून:

ताई, माझी ३१ वर्षं सरकारी कार्यालयातल्या टपालाच्या टेबलावर गेली. निवेदन कसं वाचलं जातं ते सांगतो. आधी विषय बघतात, मग सही कुणाची, मग किती पानं. दीड पानाच्या वर गेलं की ते पेपरवेटखाली जातं. खालच्या टेबलावर ‘उचित कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारून पाठवतात आणि तिथे ते नस्तीबंद होतं, म्हणजे फायलीत पडून राहतं. म्हणून पहिल्या ओळीत जकार्ता नको. तिथे तुमचं गाव, तुमची रक्कम, तुमचा रॅम्प.

पण मुलगी चुकलेली नाही हे त्या जुन्या सभासदांना माझ्या नावाने सांगा. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा मुळात आला कसा? घटनेच्या राज्यसूचीत नववी नोंद आहे, अपंग आणि काम करू न शकणाऱ्यांना साहाय्य. म्हणजे विषय राज्यांचा. दिल्लीला त्यावर सबंध देशासाठी कायदा करायचा तर वाट हवी. ती वाट अनुच्छेद २५३ मध्ये आहे: आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलेली गोष्ट अमलात आणायला संसद कायदा करू शकते, विषय राज्यसूचीत असला तरी. अशी परिषद झाली ती डिसेंबर १९९२ मध्ये बीजिंगला, १ ते ५ तारखेपर्यंत. आशिया-प्रशांत देशांनी तिथे पूर्ण सहभाग आणि समानतेची घोषणा केली, भारताने त्यावर सही केली, आणि १९९५ च्या कायद्याच्या उद्देशिकेत त्या बीजिंगच्या बैठकीचं नाव तारखांसकट छापलंय. ७ फेब्रुवारी १९९६ ला कायदा लागू झाला आणि सरकारी नोकरीतलं ३ टक्के आरक्षण त्यातून आलं. (आता २०१६ च्या नव्या दिव्यांग कायद्याने ते ४ झालंय.)

आमच्या कार्यालयात एक लिपिक त्याच ३ टक्क्यांतून लागला होता. एक हात नव्हता, आणि आवक नोंदवही त्याच्याइतकी स्वच्छ कुणाची नव्हती. बीजिंग कुठे आहे हे त्याला कधी कुणी विचारलं नाही.

तर जकार्ता घाला, पण ‘संदर्भ’ या शीर्षाखाली, शेवटच्या क्रमांकावर. वर कलमं येऊ द्या.

---

चाकावरचा_ठाणेकर:

काकांशी सहमत, पण मी जरा कडवट बोलणार.

चार दशकं झाली ही. बीजिंगवालं १९९३ ते २००२. मग जपानात बिवा तलावाकाठी बसून बिवाको आराखडा केला, २००३ ते २०१२. मग कोरियात इंचॉन, २०१३ ते २०२२. आता जकार्तावालं २०३२ पर्यंत. तेवढ्या काळात माझ्या तीन व्हीलचेअर मोडल्या. दर दहा वर्षांनी मंत्री विमानाने जातात, एकमेकांचं अभिनंदन करतात आणि पुढच्या दहा वर्षांची तारीख घालतात. चुकलं तर कुणाला दंड आहे? नाही.

इंचॉनचंच बघा. १० उद्दिष्टं, २७ लक्ष्यं, ६२ निर्देशक. निर्देशक मोजायचे तर माणसं मोजलेली लागतात. आपली शेवटची जनगणना २०११ ची: देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग, महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. तीही आठ प्रकार धरून. २०१६ च्या कायद्यात प्रकार आहेत २१. म्हणजे इतर देशांशी तुलना करायला आपण पाठवतो काय, तर जुन्या कायद्याच्या काळातली शिरगणती. आता नवी जनगणना येतेय, तेव्हा तुमच्या अकरा गावांत प्रगणक दारात आला की कुणी घरातलं माणूस लपवणार नाही एवढं बघा. जकार्तासाठी त्याहून मोठं काम तुमच्या हातात नाही.

आणि रॅम्पचं. ‘रॅम्प नीट नाही’ असं लिहू नका, त्याला काही अर्थ नसतो. मोजा. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे प्रमाण. २०१६ च्या कायद्याचं कलम ४५ म्हणतं की जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करा. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ लाच संपली. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलंय की सुगमतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत. हे संदर्भात घाला, जकार्ताच्या वर.

---

सहा_ठिपके:

ठाणेकर, राग समजतो. पण शेजारच्या देशांनी एकत्र बसून ठरवलेल्या एका गोष्टीवर मी रोज जगतो, तेव्हा बोलायलाच हवं.

मी जन्मांध. नाशिककडे मुलांना ब्रेल शिकवतो. काही वर्षांपूर्वी कोलकात्याला एका प्रशिक्षणात ढाक्याचा एक तरुण माझ्या खोलीत होता. तोही अंध. रात्री दिवे गेले. आम्हा दोघांना पत्ता नाही, बाहेर डोळस लोक धडपडायला लागले तेव्हा कळलं. त्याच्या बॅगेत पहिलीचं बंगाली पुस्तक होतं, ब्रेलमधलं, भाचीसाठी घेतलेलं. म्हणाला, बघ. मी बोटं ठेवली. (ब्रेलचं अक्षर सहा ठिपक्यांतून बनतं, प्रत्येक ठिपक्याला क्रमांक असतो.) एक-दोन-तीन-चार, म्हणजे प. तीन-चार-पाच, आ. एक-तीन-चार-पाच, न. दोन-चार, ऱ्हस्व इ. ‘पानि’. मी मोठ्याने वाचलं आणि तो हसत सुटला, कारण त्याने मला बंगाली शिकवलं नव्हतं आणि मला येतही नव्हतं. आपल्या ‘पाणी’त ण असतो, तीन-चार-पाच-सहा, आणि शेवटी दीर्घ ई, तीन-पाच. एवढाच फरक. आमच्याबरोबरच्या डोळस शिक्षकांना छापील बंगाली ओ की ठो कळत नव्हतं. मी मात्र अख्खं पान उच्चारून दाखवलं. अर्थ चार शब्दांचा लागला असेल, ते सोडा.

हे आपोआप झालेलं नाही. आधी या उपखंडात ब्रेलच्या कितीतरी लिप्या होत्या. एका शाळेतला मुलगा दुसऱ्या शाळेचं पुस्तक वाचू शकत नसे. १९४९ साली युनेस्कोने ते काम हातात घेतलं, १९५१ मध्ये बैरूतला बैठक झाली आणि ठरलं की भारतीय लिप्यांतला एक ध्वनी म्हणजे ठिपक्यांची एकच रचना. त्यातून भारती ब्रेल आली. क कुठल्याही भाषेतला असो, एक-तीन. मराठी, हिंदी, बंगाली, नेपाळी, सिंहली. तेव्हा ना दशक होतं ना जाहीरनामा, पण ते टिकलं. का टिकलं? कारण ते थेट बोटाखाली आलं. मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवायला लागतं, म्हणून कुणी विसरू शकत नाही.

दुसरं उदाहरण, मराकेशचा करार, २०१३. पूर्वी एका देशात ब्रेलमध्ये केलेलं पुस्तक दुसऱ्या देशात पाठवायचं तर प्रकाशकाच्या परवानगीचा घोळ. तो या कराराने सुटला. २४ जून २०१४ ला भारताने तो मंजूर केला, जगात सगळ्यांत आधी. ठाणेकर, ही एक तरी शर्यत आपण जिंकलोय.

ताई, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. आणि फोन नाकाला लावून वाचते म्हणता, तर तिला स्क्रीन रीडर शिकवा. मान दुखायला लागेल चाळिशीत.

---

पेडण्याची_आई:

मी गोव्यातून. माझा मुलगा चौदा वर्षांचा, स्वमग्न. एकच सांगायचंय, रागावू नका. पोलिओवाल्यांच्या आणि अंधांच्या गटांची निवेदनं मी खूप पाहिलीत, त्यात रॅम्प असतो, ब्रेल असतं, आणि आमची मुलं नसतात. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या २१ मध्ये आली. पणजीला जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझा मुलगा कानांवर हात दाबून ओरडला तर इथे कुणी वळून बघणार नाही.

तुमच्या अकरा गावांत अशी घरं असणारच. बाजाराच्या दिवशी ती तुमच्या दुकानात येत नाहीत, कारण तिथे गोंगाट असतो. ५ टक्क्यांच्या मागणीत त्यांचं एक वाक्य घाला.

---

कुबडीवाली:

सगळ्यांचे आभार. तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण मोजायला गेले होते.

माझ्याकडे मोजायला काय, शिवणाची टेप. साठ इंची. जोत्याची उंची भरली २१ इंच. रॅम्पची लांबी एका टेपेत बसेना, म्हणून शिंप्याच्या खडूने खूण करून दुसऱ्यांदा लावली: ७६ इंच. प्रमाणाप्रमाणे हवी होती २५२, म्हणजे २१ फूट. आहे सहा फूट चार इंच. शिपाई बाहेर आला, म्हणाला, ‘ताई, कुणाचं माप घेताय?’ म्हटलं, हापिसाचं. म्हणाला, ‘मग जरा ढिलं शिवा.’ चांगला माणूस आहे, त्यानेच खालच्या मोटरसायकली बाजूला घेतल्या.

पेडण्याच्या ताई, रागावले नाही, लाजले. आमच्याच गल्लीत एक घर आहे. मुलगी वीस वर्षांची, दार लावलेलं असतं. मी तिच्या आईचे ब्लाउज शिवते आणि आजवर एकदाही विचारलं नव्हतं. काल गेले. आईने सही केली, मुलीचा अंगठा घेतला. सुरुवातीला ती नको म्हणाली, मग शाईचं बोट बराच वेळ बघत बसली.

निवेदन सव्वा पानाचं झालं. संदर्भ चार: १. कायदा २०१६, कलम ४५. २. सर्वोच्च न्यायालय, नोव्हेंबर २०२४. ३. पाच टक्क्यांचा शासन निर्णय. ४. जकार्ता जाहीरनामा.

काल सात जण गेलो. टपाल घेणाऱ्या बाबूने वरून खाली वाचलं आणि चौथ्यावर थांबला. ‘हे जकार्ता काय?’ हसला नाही, खरंच विचारलं. मग आमच्या मुलीने खिडकीत उभं राहून सांगितलं, बीजिंगपासून. मागे सातबाऱ्यावाल्यांची रांग लागली होती, एक आजोबा म्हणाले, ‘आवर की गं बाई.’ तिने काही आवरलं नाही. जुने सभासद शेजारी उभे होते. बाहेर आल्यावर तिला म्हणाले, ‘ते बीजिंगचं परत सांग, मला नीट ऐकू आलं नाही.’

---

निवृत्त_अव्वलकारकून:

झकास. पोच घेतलीत ना? शिक्क्यात आवक क्रमांक आणि तारीख वाचता येते का तेवढं बघा. महिन्यात उत्तर आलं नाही तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करायचा.

---

कुबडीवाली:

काका, शिक्का फिका उमटलाय. तारीख दिसते, क्रमांकातला शेवटचा आकडा ३ आहे की ८ ते कळत नाही.

---

निवृत्त_अव्वलकारकून:

उद्याच जा आणि पेनाने लिहून घ्या. त्याच बाबूकडून.